डायव्हर्सिटीचा फॉर्म आलाय? आधी अकाउंट्सकडून पेमेंटची यादी काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६० माणसांची अॅड एजन्सी, मोठ्या क्लायंटचं पिच (काम मिळवण्यासाठीचं सादरीकरण), सोबत वर्कफोर्स आणि सप्लायर डायव्हर्सिटीचा, म्हणजे तुमच्या माणसांत आणि तुम्ही बाहेर ज्यांना काम देता त्यांच्यात वेगवेगळ्या गटांचे लोक किती याचा, दहा पानी फॉर्म, हातात सहा आठवडे. बॉस म्हणतायत दोन छान स्लाइड करा, वेबसाइटवर हसऱ्या चेहऱ्यांचा एक फोटो टाका, झालं काम. एवढं पुरतं का, आणि ते सप्लायरवालं प्रकरण नेमकं असतं काय?

नाही पुरत. म्हणजे पूर्वी पुरायचं, मी स्वतः अशा स्लाइड केल्यात, तेव्हा ते पाप माझ्याही माथी आहेच. पण आता हा फॉर्म वाचणारा बऱ्याचदा मार्केटिंगचा नसतो, प्रोक्युअरमेंटचा, म्हणजे खरेदी खात्याचा असतो, त्याला फोटोशी काही देणंघेणं नसतं, त्याला आकडा लागतो आणि आकड्यामागचा कागद लागतो. मी वीसेक वर्षं एजन्सीत काढली, आधी प्रॉडक्शनमधे, मग व्हेंडरचं काम गळ्यात पडलं आणि नंतर भरतीचंही, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

पहिल्या आठवड्यात एचआरकडे जाऊच नका. अकाउंट्सकडे जा. मागच्या १२ महिन्यांत बाहेर कुणाकुणाला पैसे दिले त्याची यादी मागा, नाव, रक्कम, कशासाठी आणि बिल आल्यापासून किती दिवसांनी पैसे गेले. शेवटचा कॉलम ते देणार नाहीत, सिस्टीममधे नाही म्हणतील, असतो, मागे लागा. आमच्याकडे पहिल्यांदा ही यादी काढली तेव्हा व्हेंडरची नावं भरपूर निघाली पण रकमेनुसार लावल्यावर बहुतेक पैसा वरच्या आठ-नऊ नावांतच अडकलेला, आणि ती आठ-नऊ नावं म्हणजे कोण तर आमच्या क्रिएटिव्ह हेडचा जुना पार्टनर, त्या पार्टनरचा कॅमेरामन, कॅमेरामनच्या भावाचं एडिटिंगचं पोस्ट हाउस. कुणी पैसे खात होतं अशातला भाग नाही. शुक्रवारी संध्याकाळी काम अडलं की ज्याचा नंबर पाठ आहे त्यालाच फोन जातो, एवढं साधं असतं ते. तुमच्या फॉर्मचं खरं उत्तर त्या शुक्रवारच्या फोनमधे असतं, पॉलिसीत नाही.

आता व्याख्या, पटकन. डायव्हर्स सप्लायर म्हणजे ज्या कंपनीची किमान ५१ टक्के मालकी, आणि नुसती मालकी नाही तर ताबा आणि रोजचा कारभारसुद्धा, एखाद्या डावलल्या गेलेल्या गटातल्या माणसांकडे आहे, बायका, वांशिक अल्पसंख्य, अपंग, एलजीबीटी, काही ठिकाणी माजी सैनिक. ही कल्पना मुळात अमेरिकेतली, १९६९ मधे निक्सनच्या काळात अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी सरकारी आदेश निघाला, १९७२ पासून अल्पसंख्याकांच्या कंपन्यांसाठी एनएमएसडीसी या संस्थेचं काम, महिलांच्या कंपन्यांसाठी १९९७ ला डब्ल्यूबेंक ही संस्था, आणि अमेरिकेबाहेरच्या महिला उद्योजकांसाठी २००९ पासून वीकनेक्ट इंटरनॅशनल. या संस्था कागद तपासतात, मालकांशी बोलतात आणि मग सर्टिफिकेट देतात. बाकी देशांत गणितं वेगळी, दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सहभागासाठी २००३ चा कायदाच आहे. म्हणून क्लायंटला पहिला मेल हाच टाका की तुम्ही कुठली व्याख्या धरताय आणि सर्टिफिकेट हवंच का की मालकाने लिहून दिलेलं चालेल. हा मेल न टाकता लोक तीन आठवडे चुकीचं मोजत बसतात.

ताब्याचं एवढ्यासाठी सांगतोय की कागदावर बायको मालक आणि चेकवर सही नवऱ्याची हा प्रकार सर्रास चालतो. मी तीन प्रश्न विचारायचो, रेट कोण ठरवतं, माणूस काढायचा असेल तर कोण काढतं, आणि पैसे अडकले तर बँकेशी कोण बोलतं. तिन्हीला मालकीणबाईंनी शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं की समजायचं.

मग टियरची भानगड. क्लायंट थेट ज्याला पैसे देतो तो टियर १, आणि तुम्ही क्लायंटच्या कामासाठी पुढे ज्याला देता तो क्लायंटच्या दृष्टीने टियर २. तुमच्याकडून त्यांना हवाय तो टियर २ चा आकडा. त्यांच्याच फिल्मसाठी दिलेले पैसे थेट दाखवता येतात. पण ऑफिसची साफसफाई, कुरिअर, ट्रेनिंग असल्या खर्चाचं काय, तर ते वाटून दाखवतात, म्हणजे तुमच्या १०० रुपये उत्पन्नातले २० या क्लायंटचे असतील तर त्या सामायिक डायव्हर्स खर्चाचा २० टक्के वाटा त्यांच्या नावावर. काही एजन्सी सगळाच्या सगळा खर्च पाचही क्लायंटना दाखवतात, आणि प्रोक्युरमेंटवाले एकमेकांशी बोलत नाहीत या भरवशावर असतात. बोलतात हो.

दुसरी गंमत छेदाची. डायव्हर्स खर्च भागिले एकूण खर्च, पण एकूण म्हणजे काय? मीडियाचे पैसे, म्हणजे चॅनेल-पेपरमधल्या जाहिरातीच्या जागेचे, एजन्सीतून जात असतील तर ते इतके अवाढव्य असतात की बाकी सगळं त्यात बुडून जातं, टक्केवारी शून्याजवळ येते. मीडिया काढला की आकडा एकदम देखणा. दोन्ही पद्धती चालतात, फक्त कुठली धरली ते वर लिहा, आणि पुढच्या वर्षी सोयीनुसार बदलू नका. अजून एक पळवाट म्हणजे मधे एक सर्टिफाइड कंपनी उभी करायची, जिचं काम फक्त बिल पुढे ढकलायचं, खरं काम जुनाच व्हेंडर करतो. आकडा येतो, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

बरं, पण नवीन सप्लायर शोधले तरी ते टिकत का नाहीत? इथेच घोडं पेंड खातं. सगळे म्हणतात चांगले लोक मिळत नाहीत. मिळतात. तुम्ही त्यांना पैसे कधी देता ते बघा.

एक प्रसंग सांगतो. एका छोट्या साउंड स्टुडिओच्या मालकीणबाई, दोन खोल्यांचा सेटअप, स्वतःच मिक्स करायच्या, कान असा की तीस सेकंदांच्या फिल्ममधे चमचा कपाला कुठे लागतो ते त्यांनी आमच्या डिरेक्टरला दाखवून दिलं आणि सीन तिथून उठला. पहिलं काम कुणाच्या तरी खात्यातून सुटं करून घेतलं होतं. दुसऱ्या कामाला म्हटलं रीतसर व्हेंडर करून घेऊ, तर आमच्या सिस्टीमने त्यांना फॉर्म पाठवला, तीन वर्षांचे ऑडिटेड ताळेबंद, एवढ्या एवढ्या रकमेचा इन्शुरन्स, दोन मोठ्या क्लायंटची पत्रं, आणि खाली बारीक अक्षरात पेमेंट ९० दिवस. त्यांचा फोन आला, अजिबात चिडल्या नव्हत्या, म्हणाल्या, "अहो, तुमचं एक काम घेतलं की मी तुम्हाला तीन महिने बिनव्याजी कर्ज देते, आणि तेच पैसे मी बँकेकडून व्याजाने आणते. माझी दोन मुलं पगारावर आहेत. तुम्ही मोठे लोक, तुम्हाला माझं कर्ज कशाला हवं?" मला उत्तर सुचलं नाही. काम जुन्या स्टुडिओकडे गेलं, त्यांना ९० दिवस परवडतात कारण त्यांच्याकडे आमच्यासारखे वीस आहेत.

आता बघा, क्लायंट एजन्सीला ९० किंवा १२० दिवसांनी देतो, एजन्सी तेच खाली ढकलते, आणि साखळीत सगळ्यात शेवटी जो उभा असतो त्याच्यावर सगळा भार. जो नवीन आहे, ज्याच्या घरात आधी कुणी धंदा केला नाही, ज्याला बँक उभी करत नाही, तोच नेमका तुम्हाला डायव्हर्स म्हणून हवा असतो. एकाच क्लायंटने एका हाताने सप्लायर डायव्हर्सिटीचा फॉर्म पाठवायचा आणि दुसऱ्या हाताने १२० दिवसांचं काँट्रॅक्ट, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसूही येत नाही.

आम्ही शेवटी काय केलं तर ठरावीक आकाराखालच्या व्हेंडरना पीओसोबत (कामाची लेखी ऑर्डर) अर्धे पैसे आणि डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत बाकीचे, ताळेबंद नको, आणि इन्शुरन्स शक्य तिथे आमच्या प्रॉजेक्ट पॉलिसीत. सीएफओ साहेब आधी उखडले, कॅश फ्लो कॅश फ्लो करत. मग तीच पेमेंटची यादी पुढे ठेवली. वर सांगितलं ना, पैसा वरच्या आठ-नऊ जणांत होता, म्हणजे खालच्या सगळ्या छोट्या नावांना लवकर पैसे दिले तरी एकूण रकमेत ते किरकोळ होतं. वरच्या आठांचे दिवस तसेच ठेवले. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं आणि काही न बोलता सही केली. मालकीणबाईंना मी स्वतः फोन केला, त्यांनी आधी अॅडव्हान्स खात्यात आल्याचा मेसेज बघितला आणि मगच तारीख दिली. बरोबरच होतं त्यांचं.

आता बिडिंग. फिल्मसाठी तीन प्रॉडक्शन हाउसकडून कोटेशन घ्यायची ही आपल्याकडची जुनी पद्धत, ट्रिपल बिड. २०१६ मधे अल्मा हारेल या डिरेक्टरने 'फ्री द बिड' सुरू केलं, मागणी अगदी साधी, दर तीन बिडमधे किमान एक बाई डिरेक्टर असू दे. बऱ्याच एजन्सींनी शपथ घेतली आणि चांगलं झालं, पण धंद्यातली एक घाण सवय तिथेही घुसली, चेक बिड. म्हणजे कोणाला काम द्यायचं ते आधीच ठरलंय, बाकी दोन कोटेशन फाइल भरायला. ही सवय किती जुनी आणि किती पसरलेली म्हणाल तर त्याच २०१६ च्या डिसेंबरमधे बातमी आली की बाहेरच्या हाउसकडून मुद्दाम चढी कोटेशन घेऊन काम एजन्सीच्या स्वतःच्या स्टुडिओला दिलं जातं का याची अमेरिकेचं न्याय खातं चौकशी करतंय, २०१८ मधे कुणावर आरोप न ठेवता ती बंद झाली. पण चेक बिडसाठी एखाद्या नव्या बाईकडून ट्रीटमेंट, म्हणजे फिल्म कशी करणार त्याचं टिपण, लिहून घेणं म्हणजे तिची दहा दिवसांची फुकट मेहनत, आणि तुमच्या फॉर्मवर एक टिक. तेव्हा फॉर्ममधे किती जणींना विचारलं ते लिहू नका, किती जणींना काम मिळालं ते लिहा. आणि शक्य असेल तर तीनात दोन घ्या. २०१६ च्याच हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधे एका युनिव्हर्सिटीतल्या भरतीवरचा अभ्यास आला होता, अंतिम यादीत एकटीच बाई असेल तर तिची निवड व्हायची शक्यता जवळजवळ शून्य, दोघी झाल्या की चित्र बदलतं. एकटी असली की ती वेगळी दिसते, दोघी असल्या की त्यांचं काम दिसतं.

आता आपली माणसं. इथे सगळ्यात फसवा आकडा म्हणजे एकूण टक्केवारी. ६० पैकी ३२ बायका, वा वा. त्यातल्या किती अकाउंट मॅनेजमेंट आणि एचआरमधे, आणि किती क्रिएटिव्ह डिरेक्टर? डिपार्टमेंट आणि लेव्हल असा चौकोनी तक्ता करा, मग रिकामे चौकोन दिसायला लागतात. २०१२ मधे कॅट गॉर्डनने जी कॉन्फरन्स सुरू केली तिचं नावच 'थ्री परसेंट' होतं, कारण अमेरिकेत क्रिएटिव्ह डिरेक्टरांमधे बायका ३ टक्के असा तेव्हाचा आकडा. ब्रिटनमधे २०१७ पासून २५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पुरुष-स्त्री पगारातली तफावत जाहीर करावी लागते, तेव्हा मोठमोठ्या एजन्सी उघड्या पडल्या, कारण खाली बायका भरपूर आणि वर नाहीत हे पगारात लगेच उमटतं. आणि नुसत्या शपथांचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगाने २००६ मधे १६ एजन्सींकडून भरतीचे करार करून घेतले होते, तरी २०२० मधे ६०० वर कृष्णवर्णीय जाहिरातवाल्यांना सह्या करून १२ मागण्यांचं पत्र काढावं लागलं.

भरतीत गळती कुठे होते ते सगळ्यांना माहितीये, ओळखीतून आलेले सीव्ही, बिनपगारी इंटर्नशिप जी फक्त घरून खर्च मिळणाराच करू शकतो, महागड्या अॅड स्कूलमधला चकचकीत पोर्टफोलिओ, आणि तो 'कल्चर फिट' नावाचा शब्द, ज्याचा खरा अर्थ आमच्यासोबत संध्याकाळी बसेल का. आम्ही पोर्टफोलिओऐवजी एक दिवसाचा ब्रीफ (काय जाहिरात करायची ते सांगणारा कागद) द्यायला लागलो, त्या दिवसाचे पैसे देऊन, आणि उत्तरं नाव झाकून वाचायची. पहिल्याच फेरीत सगळ्यांनी एकमताने वर काढलेली स्क्रिप्ट एका मुलाची निघाली जो कॉल सेंटरमधे रात्रपाळी करत होता, त्याच्या सीव्हीला आमच्या एचआरने आधी दोनदा नकार कळवला होता.

पण भरती हा त्यातल्या त्यात सोपा भाग. माणूस आला, मग त्याला काम कुठलं मिळतं? हे कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते फॉर्ममधला सगळ्यात मोलाचा आकडा हाच असतो जो फॉर्ममधे विचारलेलाच नसतो. ट्रॅफिककडे, म्हणजे एजन्सीत कामं वाटणाऱ्या टीमकडे, बसा आणि वर्षभराचे ब्रीफ काढा, फिल्मचा ब्रीफ कुणाला, लाँच कुणाला, आणि अॅडॅप्टेशन, बॅनर रिसाइझ, सणाच्या शुभेच्छांची पोस्ट कुणाला. आमच्याकडे बाळंतपणाहून परत आलेल्या दोघी आणि नवीन घेतलेली तिन्ही पोरं यांच्या वाट्याला वर्षभर एकही फिल्म नव्हती. कुणी ठरवून केलेलं नाही, उलट कौतुकाने, तिला घरी लवकर जायचं असतं ना, नको तिच्यावर लोड. आता फिल्म नाही म्हणजे शोरील (केलेल्या फिल्मांचा नमुना) नाही, शोरील नाही म्हणजे अवॉर्ड नाही, अवॉर्ड नाही म्हणजे प्रमोशन नाही, आणि तीन वर्षांनी ती सोडून गेली की आपण एक्झिट इंटरव्ह्यूमधे लिहितो 'वैयक्तिक कारण'. त्यानंतर आम्ही ब्रीफ वाटताना चार नावं फळ्यावर लिहायचो आणि मागच्या दोन महिन्यांत कुणाला काय मिळालं ते शेजारी. बास, एवढंच. पहिले काही सोमवार त्या फळ्यासमोर बरीच शांतता असायची.

याचीच दुसरी बाजू म्हणजे माणसाला त्याच्याच समाजाच्या ब्रीफमधे कोंडणं. टॉम बरेलने १९७१ मधे शिकागोत एजन्सी काढली ती या म्हणण्यावर की काळे ग्राहक म्हणजे गडद रंगाचे गोरे नव्हेत, त्यांचं जगणं वेगळं आहे, आणि कोका-कोला, मॅकडॉनल्ड्ससाठी ते करून दाखवलं. तो त्यांनी स्वतः निवडलेला धंदा होता. पण तुमच्याकडच्या व्हीलचेअरवरच्या रायटरला फक्त अॅक्सेसिबिलिटीचा ब्रीफ आणि मुस्लिम आर्ट डिरेक्टरला फक्त ईदचा, हे तसं नव्हे. त्यांना बँकेचा आणि बुटांचाही द्या.

पिचसाठी एक सावधगिरी. २०१६ मधे जनरल मिल्स या अमेरिकी फूड कंपनीने पिचला येणाऱ्या एजन्सींना सांगितलं की क्रिएटिव्ह डिपार्टमेंटमधे ५० टक्के बायका आणि २० टक्के वर्णाने अल्पसंख्य लोक हवेत, एचपीनेही त्याच वर्षी आपल्या एजन्सींकडे तसा प्लॅन मागितला. तेव्हापासून पिचच्या खोलीत चेहरे सजवून न्यायचे आणि काम मिळालं की ते चेहरे गायब, हे क्लायंटना पाठ झालंय. आता काही जण टीमची नावं आणि सहा महिन्यांनी टाइमशीट मागतात. ज्यांना खोलीत नेणार त्यांनाच कामावर ठेवणार असाल तरच न्या, आणि त्यांना खोलीत बोलू द्या.

बोलण्यावरून आठवलं, बॉसना भाषण करताना जपायला सांगा. लंडनच्या एका नामांकित एजन्सीत २०१८ मधे वाईट पगार-तफावत बाहेर आल्यावर एका प्रेझेंटेशनमधे सांगितलं गेलं की गोऱ्या, सधन, स्ट्रेट पुरुषांची एजन्सी ही आपली ओळख नेस्तनाबूत करायची. दोन पुरुष क्रिएटिव्ह डिरेक्टरांनी त्यावर शंका विचारली आणि नंतर त्यांची नोकरी गेली, २०२१ मधे नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रिब्युनलने लिंगभेदाच्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. कुणाला काढून आकडा नीट करायचा नसतो, कायद्याने आणि तसंही.

माहिती गोळा करताना ऐच्छिक ठेवा, 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवा, आणि ६० जणांत एखाद्या गटात पाचपेक्षा कमी असतील तर तो आकडा वेगळा दाखवू नका, कोण ते लगेच कळतं. युरोपातल्या जीडीपीआर या खाजगी माहितीच्या कायद्यात वंश, आरोग्य, लैंगिक कल ही विशेष संरक्षित माहिती आहे. अमेरिकेत वारं उलटं फिरलंय, २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार बंद केला, जानेवारी २०२५ मधे सरकारी काँट्रॅक्टरांना भरतीत डावललेल्या गटांना संधी द्यायला लावणारा १९६५ चा जुना आदेश रद्द झाला, त्यामुळे काही क्लायंटनी प्रोग्रॅमची नावं बदलली, काहींनी मागणीच काढली. म्हणून अमुक जागा अमुक गटाला राखीव असं लिहायच्या आधी वकिलाला दाखवा. यादी मोठी करणं, बिड उघडी ठेवणं, वेळेवर पैसे देणं, याला सहसा कुणाचीच हरकत नसते.

फॉर्ममधे शून्य लिहायची वेळ आली तर शून्य लिहा. आम्ही एकदा सर्टिफाइड खर्च ४ टक्के लिहिला होता, स्पर्धेतल्या दुसऱ्या एजन्सीकडे २२ होते असं नंतर कळलं. मीटिंगमधे क्लायंटच्या बाईंनी विचारलं, हे ४ कसे काढले, आम्ही पेमेंटची शीट उघडली, दिवसांच्या कॉलमसकट, आणि पाऊण तास फक्त त्या शीटवर गेला, स्लाइडपर्यंत पोचलोच नाही. पुढच्या वर्षासाठीची टार्गेट्स तुमच्या हातातल्या गोष्टींवर ठेवा, छोट्या व्हेंडरना १५ दिवसांत पैसे, प्रत्येक बिडमधे दोन नवी नावं, ब्रीफचा फळा. बॉसची एक स्लाइड ठेवा, नाहीतर ते नाराज होतील. आणि अकाउंट्सना पेमेंटची यादी मागणारा मेल आजच टाका, त्यांचं मंथ-एंड सुरू झालं की आठवडाभर कुणी फोनसुद्धा उचलत नाही.